मिनिटाला किती लिटर? – हृदयाचा विसर्ग बाहेरून मोजण्याच्या युक्त्या



हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक गोष्ट करा. उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, हलकेच ठेवा आणि घड्याळाकडे पाहून एका मिनिटात नाडीचे किती ठोके पडतात ते मोजा. तुमच्यापैकी बहुतेकांचे उत्तर ७० ते ९० च्या दरम्यान येईल. आता दुसरा प्रश्न. त्याच एका मिनिटात तुमच्या हृदयाने किती रक्त पुढे ढकलले? याचे उत्तर बोटांनी सापडणार नाही. नाडी ठोके सांगते. प्रत्येक ठोक्याबरोबर किती रक्त गेले ते सांगत नाही.

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले, की अमुक इतके क्युसेक विसर्ग सुरू झाला, असे वर्तमानपत्रात छापून येते. विसर्ग म्हणजे ठरावीक वेळात बाहेर पडणारे पाणी. त्याच धर्तीवर, डाव्या निलयातून एका मिनिटात महारोहिणीत जाणाऱ्या रक्ताला आपण या लेखापुरते ‘हृदयाचा विसर्ग’ म्हणू. त्याचा हिशेब सोपा आहे.

हृदयाचा विसर्ग = एका ठोक्याचे रक्त × मिनिटाचे ठोके

प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते. ठोके ७२ धरले, तर ७० × ७२ = ५,०४० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला साधारण ५ लिटर. दिवसाचे झाले ७,२०० लिटर! दोनशे लिटरची ३६ पिंपे भरतील एवढे हे काम आपल्या मुठीएवढा स्नायू रोज बिनबोभाट करतो.

असा हिशेब प्रथम मांडला तो विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने, १६२८ साली. त्याने ठोक्याचे रक्त मुद्दाम अगदी कमी धरले. तरीही अर्ध्या तासात हृदयातून जाणारे रक्त साऱ्या शरीरातील रक्ताहून अधिक भरले. एवढे रक्त दर अर्ध्या तासाला अन्नातून नव्याने तयार होणे शक्य नाही; तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे, असे त्याने दाखवून दिले. रक्ताभिसरणाचा शोध अशा रीतीने एका गुणाकारावर उभा राहिला.

रक्तदाब पाहिला, मग विसर्ग कशाला?

हृदयावर शस्त्रक्रिया करताना बहुधा हृदय काही काळ थांबवावे लागते. तेवढा वेळ रक्त फिरवण्याचे आणि त्यात ऑक्सिजन मिसळण्याचे काम हृदय-फुप्फुस यंत्र करते. अमेरिकेतील जॉन गिबन यांनी असे यंत्र वापरून हृदयाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९५३ साली केली. शस्त्रक्रिया संपली, की हृदय पुन्हा सुरू होते. पण झोपेतून दचकून उठलेल्या माणसासारखे ते पहिले काही तास पुरते सावरलेले नसते. हे तास फार मोलाचे. या वेळात विसर्ग घटला आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर मूत्रपिंडे, यकृत, मेंदू यांना ऑक्सिजन अपुरा पडू लागतो.

“पण रक्तदाब तर सतत मोजतातच ना?” असे तुम्ही विचाराल. प्रश्न योग्य आहे. उत्तरासाठी विजेच्या पाठातील ओहमचा नियम आठवा : विभवांतर = प्रवाह × रोध. रक्ताच्या बाबतीतही तसेच आहे. सरासरी रक्तदाब = विसर्ग × रक्तवाहिन्यांचा रोध. (हृदयाकडे परतणाऱ्या नीलांतील दाब थोडा असतो, तो येथे सोडून दिला आहे.)

आता समजा, अतिदक्षता विभागात शेजारी शेजारी दोन रुग्ण आहेत. पहिल्याचा विसर्ग ५ लिटर आणि रोध १८ एकक; त्याचा दाब ५ × १८ = ९० मिलिमीटर पारा. दुसऱ्याचा विसर्ग ३ लिटरवर आला आहे. पण शरीराने सावध होऊन हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतल्या आणि रोध ३० एकक झाला. त्याचा दाब ३ × ३० = ९०! दोन्ही पडद्यांवर एकच आकडा. पहिला रुग्ण सुधारतो आहे, दुसरा हळूहळू संकटात चालला आहे. नळाचे तोंड अंगठ्याने अर्धे दाबले, की पाण्याची धार जोरात उडते. पण बादली मात्र उशिरा भरते. नुसत्या धारेच्या जोरावरून बादलीचा अंदाज करणारा फसतो, तो असा.

विसर्ग कमी आहे हे समजले, तरी पुढचा प्रश्न राहतोच : का कमी आहे? शरीरात रक्त वा द्रव कमी पडला असेल, तर शिरेवाटे द्रव द्यावा लागतो. स्नायूच थकला असेल, तर त्याचा जोर वाढवणारे औषध हवे; अशा वेळी जादा द्रव दिला, तर फुप्फुसात पाणी साचेल. हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साठून हृदय दाबले जात असेल, तर रुग्णाला तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. एकाला जे तारते तेच दुसऱ्याला मारते. म्हणून विसर्ग मोजायचा.

आत शिरून मोजणे

मोजण्याचे तत्त्व जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी १८७० साली सांगितले. समजा, एका मालगाडीत प्रत्येक डब्यामागे ५० पोती चढवली आणि मिनिटात एकूण २५० पोती चढली. तर मिनिटाला किती डबे गेले? अर्थात ५. फुप्फुस हे असेच स्थानक. शरीर मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेते. फुप्फुसात येणाऱ्या एक लिटर रक्तात १५० आणि बाहेर पडणाऱ्या एक लिटर रक्तात २०० मिलिलिटर ऑक्सिजन आढळला, तर प्रत्येक लिटरने ५० मिलिलिटर उचलला. २५० ÷ ५० = ५. म्हणजे मिनिटाला ५ लिटर रक्त फुप्फुसातून गेले.

तत्त्व सुरेख, अडचण एकच. फुप्फुसात जाणाऱ्या रक्ताचा नमुना थेट हृदयाच्या उजव्या बाजूतून घ्यावा लागतो. तेथे पोचायचे कसे? १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर लांब नळी आत सरकवली आणि तशाच स्थितीत क्ष-किरण विभागात चालत जाऊन नळीचे टोक हृदयात पोचल्याचे चित्र काढून घेतले. या वेडाचे मोल पुढे जगाला कळले. १९५६ चे नोबेल पारितोषिक फोर्समान यांना आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांच्यासह मिळाले.

पुढची पायरी १९७० ची. लॉस एंजेलिसचे जेरेमी स्वॉन समुद्रकिनाऱ्यावर शिडाच्या होड्या पाहत असताना त्यांना सुचले, की नळीच्या टोकालाही शीड लावले तर? स्वॉन आणि विल्यम गांझ यांनी नळीच्या टोकाशी इवलासा फुगा बसवला. रक्ताचा प्रवाहच फुग्याला उजव्या हृदयातून फुप्फुस-रोहिणीत वाहून नेतो. टोकाशी तापमान मोजणारा संवेदकही असतो. उजव्या अलिंदात १० मिलिलिटर थंड द्रव सोडायचा आणि पुढे रक्त किती वेळ, किती गार झाले ते पाहायचे. प्रवाह मोठा असेल, तर गारवा चटकन वाहून जातो. प्रवाह मंद असेल, तर तो रेंगाळतो. त्या आलेखाखालील क्षेत्रफळावरून विसर्ग निघतो.

ही नळी आजही हृदयाच्या अवघड शस्त्रक्रियांत वापरतात आणि नव्या उपकरणांची परीक्षा बहुधा तिच्याशीच तुलना करून घेतात. पण तिची किंमत मोजावी लागते. तिच्यामुळे हृदयाचा ताल बिघडू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि क्वचित फुप्फुस-रोहिणीला इजा होऊन प्राणावर बेतते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नळी घातलेले रुग्ण अधिक दगावल्याचे दिसले आणि मोठा वाद झाला. २००५ च्या ब्रिटिश चाचणीत अतिदक्षता विभागातील रुग्णांना नळीने एकूण ना फायदा झाला ना तोटा. मग शास्त्रज्ञांनी साहजिकच विचारले, की घरात न शिरता, दाराबाहेर उभे राहूनच आतला हिशेब कळला तर?

युक्ती पहिली : ध्वनीचा प्रतिध्वनी

शिट्टी वाजवीत येणारी आगगाडी आपल्याजवळून पुढे गेली, की शिट्टीचा स्वर एकदम उतरतो. हाच डॉप्लर परिणाम. क्रिस्टियान डॉप्लर यांनी तो १८४२ साली प्राग येथे मांडला आणि १८४५ साली हॉलंडमध्ये आगगाडीत तुतारीवादक बसवून त्याची परीक्षाही झाली. आगगाडीच्या जागी रक्तपेशी आल्या तरी नियम तोच. छातीवर ठेवलेल्या शलाकेतून श्राव्यातीत ध्वनी आत सोडतात. धावत्या रक्तपेशींवरून तो परततो, तेव्हा त्याची कंप्रता बदललेली असते.

कंप्रतेतील बदल = २ × मूळ कंप्रता × रक्ताचा वेग ÷ ध्वनीचा वेग

मूळ कंप्रता सेकंदाला २० लाख कंपने, रक्ताचा वेग सेकंदाला १ मीटर आणि शरीरातील ध्वनीचा वेग सेकंदाला १,५४० मीटर धरा. बदल येतो सुमारे २,६०० कंपने. गंमत अशी, की श्राव्यातीत ध्वनी आपल्याला ऐकू येत नाही, पण हा फरक मात्र ऐकू येण्याजोगा असतो! म्हणूनच या यंत्रातून ‘सूं सूं’ असा आवाज काढता येतो.

वेगावरून घनफळ कसे काढायचे? येथे नववी-दहावीचे गणित उपयोगी पडते. एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ किती पुढे सरकला ते वेगाच्या आलेखाखालील क्षेत्रफळावरून मिळते. समजा २० सेंटिमीटर. निलयाच्या तोंडाशी वाटेचा व्यास प्रतिमेवरून २ सेंटिमीटर मोजला, तर छेदाचे क्षेत्रफळ ३.१४ × १ × १ = ३.१४ चौरस सेंटिमीटर. वृत्तचितीचे घनफळ ३.१४ × २० = ६२.८ घन सेंटिमीटर. ठोके ८० असतील, तर विसर्ग मिनिटाला सुमारे ५ लिटर.

पण सावध! व्यास मोजताना चूक होऊन २ ऐवजी १.८ सेंटिमीटर आला, तर क्षेत्रफळ २.५४ आणि विसर्ग अवघा ४.१ लिटर. व्यासात चूक १० टक्के, उत्तरात १९ टक्के. कारण व्यासाचा वर्ग होतो. रुग्ण ठणठणीत आणि कागदावर मात्र आजारी! शिवाय ध्वनीचा झोत रक्ताच्या दिशेला तिरपा पडला, तर वेग कमी भासतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर छातीवर मलमपट्टी आणि नळ्या असतात, श्वसनयंत्राने फुप्फुसे फुगलेली असतात आणि हवेतून हा ध्वनी नीट जात नाही. म्हणून भूल दिलेल्या रुग्णाच्या अन्ननलिकेतूनही शलाका सोडतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीशी असते. ही रीत पूर्णपणे बाहेरची नव्हे. पण रक्तवाहिनीला भोक तर पडत नाही.

युक्ती दुसरी : छातीतून वीज

रक्तातून वीज सहज वाहते. हवा आणि चरबी तिला अडवतात. प्रत्येक ठोक्याला महारोहिणीत रक्त शिरले, की छातीचा विद्युत्‌ संरोध किंचित कमी होतो. छातीला व मानेला विद्युत्‌अग्रे लावून, जाणवणारही नाही असा क्षीण, उच्च कंप्रतेचा प्रवाह सोडायचा आणि तो फरक टिपायचा. मिनेसोटा विद्यापीठातील विल्यम क्युबिसेक आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली हे तंत्र पुढे आणले. अवकाशवीरांचे हृदय नळी न घालता तपासता यावे हा त्यामागील एक हेतू. आपल्याकडेही तुर्भे येथील भाभा अणु संशोधन केंद्राने याच तत्त्वावर हृदय आणि हातापायांतील रक्तप्रवाह तपासणारी उपकरणे घडवली.

हे तंत्र निरोगी माणसात छान चालते. हृदयाच्या रुग्णात मात्र पंचाईत होते. शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाभोवती पाणी साचलेले असते, उरोस्थी तारांनी बांधलेली असते, शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त थांबवण्यासाठी विजेची सुरी चालू असते. रक्ताची कुजबुज ऐकायची आणि भोवती बाजाराचा कोलाहल! नंतरच्या काही उपकरणांत संरोधाऐवजी प्रवाहाच्या कलेत होणारा बदल मोजतात. त्याने गोंगाट कमी होतो, पण संपत नाही.

युक्ती तिसरी : बोटातील नाडी

झेकोस्लोव्हाकियाचे यान पेनाझ यांनी १९७३ साली एक चतुर उपकरण मांडले. बोटाभोवती हवेची छोटी पट्टी आणि तिच्यात अवरक्त प्रकाश. नाडीबरोबर बोटातील रोहिणी फुगू लागली, की प्रकाश कमी पोचतो आणि पट्टीतील दाब तत्क्षणी वाढून तिला पूर्वीच्याच आकारात ठेवतो. तेव्हा पट्टीचा दाब म्हणजेच क्षणोक्षणीचा रक्तदाब! त्या लाटेच्या आकारावरून ठोक्याचे रक्त काढतात. महारोहिणी रबरी पिशवीसारखी फुगून पुन्हा आकसते, हे गृहीत धरून लाटेवरून प्रवाह काढण्याचा पाया ऑटो फ्रांक यांनी १८९९ साली घातला होता. मात्र ही पिशवी वयाबरोबर ताठर होते, म्हणून हिशेबात वय, उंची, वजन घालावे लागते. शस्त्रक्रियेत शरीर थंड केलेले असले आणि बोटे गारठलेली असली, तर लाटच नीट उमटत नाही.

युक्ती चौथी : उच्छ्वास आणि बीजगणित

श्वसनयंत्रावरील रुग्णात फिकचेच तत्त्व कार्बन डायऑक्साइडला लावता येते. हृदयातून नमुना न घेता? होय, दोन समीकरणे मांडून! समजा, फुप्फुसात येणाऱ्या एक लिटर रक्तात ‘क्ष’ मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड आहे; हा आपल्याला माहीत नाही. बाहेर जाणाऱ्या रक्तात ४८० आहे आणि मिनिटाला २०० मिलिलिटर वायू उच्छ्वासातून बाहेर पडतो. आता रुग्णाला थोडा वेळ त्याच्याच उच्छ्वासाचा काही भाग परत घ्यायला लावला. बाहेर जाणाऱ्या रक्तातील प्रमाण ४९० झाले आणि बाहेर पडणारा वायू १५० वर आला.

विसर्ग × (क्ष − ४८०) = २००
विसर्ग × (क्ष − ४९०) = १५०

पहिल्यातून दुसरे वजा करा. ‘क्ष’ उडून जातो! विसर्ग × १० = ५०, म्हणजे विसर्ग ५ लिटर. बाहेर जाणाऱ्या रक्ताचे प्रमाणही उच्छ्वासाच्या शेवटच्या हवेवरून अंदाजतात. त्यामुळे रक्त काढावेच लागत नाही. मर्यादा एवढीच, की फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तेथून जाणारे रक्त या हिशेबात येत नाही. ते अंदाजाने मिळवावे लागते.

मग विश्वास कोणावर ठेवायचा?

१९९९ साली क्रिचली या एकाच आडनावाच्या दोघा संशोधकांनी एक कसोटी मांडली, ती अशी : नवे उपकरण आणि जुनी रीत यांतील फरक ३० टक्क्यांच्या आत राहिला, तर ते स्वीकारार्ह. म्हणजे खरा विसर्ग ५ लिटर असेल, तर उत्तर साडेतीन ते साडेसहा यांच्यामध्ये हवे. कसोटी तशी उदारच! तरीही २०१० साली अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा यांपैकी बहुतेक रीतींचा फरक ४० टक्क्यांच्या वर निघाला.

म्हणजे ही उपकरणे टाकाऊ ठरली का? नाही. घरच्या वजनकाट्याचे उदाहरण घ्या. काटा दोन किलो जास्त दाखवत असला, तरी गेल्या महिन्यापेक्षा वजन वाढले की घटले हे तो बरोबर सांगतो. रुग्णाच्या खाटेशी पुष्कळदा हाच प्रश्न असतो. डॉक्टर रुग्णाचे पाय उचलून धरतात. पायांतील सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे येते. जणू रुग्णाला त्याचेच रक्त थोडा वेळ उसने दिले. विसर्ग १० टक्के किंवा अधिक वाढला, तर द्रव दिल्याने फायदा होण्याचा संभव आहे. वाढला नाही, तर द्रव आवरता घ्यायचा. पाय खाली ठेवले, की उसने रक्त परत! अशा तुलनेसाठी सतत, निर्धोकपणे मोजणारे बाहेरचे उपकरण फार कामाचे. पण तेही एकट्याने नव्हे. लघवीचे प्रमाण, हातापायांची ऊब, रक्तातील लॅक्टेट या साक्षीदारांची साक्ष त्याच्याशी जुळते का, हे पाहावेच लागते.

आणि एक लक्षात ठेवा. कोणतेही मोजमाप स्वतः रुग्णाला बरे करत नाही. त्यावरून घेतलेला निर्णय बरे करतो. आकडा कोठून आला, त्यात काय गृहीत धरले आणि तो कोठे चुकू शकतो, हे जाणणाऱ्याच्या हातातच तो आकडा औषधासारखा गुण देतो. हे हृदयापुरतेच खरे नाही; तुमच्या प्रयोगवहीतल्या प्रत्येक आकड्यालाही लागू आहे.

स्वतः करून पाहा

१. वाटेचा व्यास २.२ सेंटिमीटर, ठोक्याला सरकणारा रक्तस्तंभ १५ सेंटिमीटर, ठोके ९०. विसर्ग किती?

२. मिनिटाला २४० मिलिलिटर ऑक्सिजन घेतला जातो. फुप्फुसाबाहेर पडणाऱ्या एक लिटर रक्तात १९० आणि येणाऱ्या रक्तात १३० मिलिलिटर ऑक्सिजन आहे. विसर्ग किती?

३. एका रुग्णाचा सरासरी दाब ८० आणि विसर्ग ३.२ लिटर आहे. औषधाने रोध १६ एककांवर आला आणि दाब ८० च राहिला. विसर्ग किती झाला? नुसता दाब पाहणाऱ्याला ही सुधारणा कळली असती का?

(उत्तरे : १. सुमारे ५.१ लिटर. २. ४ लिटर. ३. ५ लिटर; नसती कळली.)